इटलीला बंदुकीच्या कारखान्यात जायचंय, काय बघू?

वेर्णेकर: पुढच्या महिन्यात कंपनी मला गार्दोनेला पाठवतेय, बेरेटाच्या कारखान्यात, आणि खरं सांगतो झोप लागत नाहीये. गोव्यात सत्तरी तालुक्यात आजोबांची एकनळी बंदूक होती, काजूत रानडुकरं शिरायची म्हणून, तिच्या लाकडाला तेल लावायचं काम माझं, तो वास अजून हाताला आहे. तिकडे नेमकं काय बघू?

काडतूस१२: नशीबवान आहेस रे! 1526 साली व्हेनिसला बंदुकीच्या 185 नळ्या दिल्याची नोंद आहे त्यांच्याकडे, तेव्हापासून एकाच घराण्यात धंदा. नळी कशी करतात ते नक्की बघ, थंड पोलाद आतल्या दांड्यावर चारी बाजूंनी हातोड्यांनी ठोकतात, आणि नक्षीकाम करणारे बसतात तिथे जरा जास्त वेळ थांब.

म्हापशेकर: मिलानहून ब्रेशाला ट्रेन, पुढे बस. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नको, अर्धी इटली सुट्टीवर असते. आणि आठवण म्हणून काडतूस, अगदी रिकामंसुद्धा, बॅगेत टाकू नको हां, एअरपोर्टवर अडकशील.

वेर्णेकर: बरं झालं सांगितलंत, मी आजोबांसाठी एक रिकामं आणणारच होतो. आता फोटो आणतो, नक्षीचे अगदी जवळून.