चतुराच्या आकाराच्या जुन्या ब्रोचवर बोली लावावी का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका ऑनलाइन लिलावात चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) आकाराचा ब्रोच आलाय आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही. कॅटलॉग म्हणतो: सुमारे १८९०, सोनं आणि चांदी, अंगावर हिरवे डिमँटॉइड गार्नेट, पंखांवर रोझ-कट (सपाट तळाचे, वरून घुमटासारखे पैलू पाडलेले) हिरे, डोळे माणकांचे. पंख बारीक स्प्रिंगवर आहेत, म्हणजे घालणारी हलली की ते थरथरणार. काळ पटतो. तेव्हा युरोपात मधमाश्या, भुंगे, कोळी, झालंच तर माश्याही (हिऱ्यांची माशी अंगावर बसवून मिरवायची!) दागिन्यांत आल्या होत्या. पण मागणी आली की नकला आल्याच.

शंका अशा. मागच्या पिनेला फिरणारी सुरक्षा-कडी दिसते, त्या काळी तर साधा सी आकाराचा आकडा असायचा ना? डोळे फारच लालभडक आणि निर्मळ आहेत. सोन्याचा कस सांगणारा ठसा कुठेच दिसत नाही. प्रत्यक्ष बघायला जाणं जमणार नाही, तेव्हा लिलाववाल्यांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १

पिनेवरून लगेच निकाल देऊ नका. जुन्या ब्रोचला नंतर सुरक्षा-कडी बसवणं सर्रास चालतं. फक्त तिच्या बुडाशी राखाडी, कथलाची झाळ आहे का ते विचारा. तशी असेल तर दुरुस्ती घाईची आणि बोली त्या मानाने कमी.

मला डोळे जास्त खटकतात. ज्वालेत कृत्रिम माणिक बनवायची फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्हेर्नॉयची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. अशा खड्यात भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा दिसतात. 'जिनिव्हा माणकं', तीही कृत्रिमच, १८८० च्या दशकातच बाजारात आली होती, त्यामुळे रेषा दिसल्या म्हणून ब्रोच नंतरचा असं ठरत नाही. पण मग वर्णनात नुसतं 'माणिक' का लिहिलं, हे विचारायला तुम्ही मोकळे! डोळ्यांच्या कोंदणाची टोकं उघडून पुन्हा दाबल्यासारखी वाटतात का, तेही विचारा, म्हणजे खडे नंतर बदललेत का याचा अंदाज येईल.

प्रतिसाद २

हिरे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वर चांदी, आणि चांदीने कपडे काळे होऊ नयेत म्हणून मागे सोनं, अशी ती बांधणी. पांढरा धातू फटींतसुद्धा चकचकीत असेल तर वर नंतर मुलामा चढवलाय का, ते विचारून घ्या. डिमँटॉइडचं उलटं आहे. आत 'हॉर्सटेल' म्हणतात ते तंतूंचे झुपके दिसले तर आनंदच माना, रशियाच्या उरल भागातल्या खड्यांत ते सापडतात आणि तिथे हा दोष भाव वाढवतो.

ठसा नाही म्हणजे नकली, असं नसतं. फ्रेंच अठरा कॅरटवर १८३८ पासून गरुडाच्या डोक्याचा इवलासा ठसा मारतात, तो पिनेवर किंवा कडेला शोधावा लागतो. आणि कॅटलॉगमध्ये 'सुमारे १८९०' आहे की '१८९० च्या शैलीतील', हे नीट वाचा. दुसऱ्यात जुनेपणाची हमी कोणी देत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 'सुमारे' असंच लिहिलंय, ते तपासलं. सविस्तर कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या अवस्थेचा अहवाल) आणि डोळ्यांचे, पिनेच्या बुडाचे जवळून फोटो मागवलेत. पंखांची स्प्रिंग मूळची की बदललेली, हे फोटोवरून कळेल का?

प्रतिसाद १

फोटोवरून कठीण. पंख हलतानाचा व्हिडिओ मागा, चारही सारखे थरथरायला हवेत. एक ताठ राहिला तर तिथे झाळ लागलीय असं समजा. आणि बोलीचा आकडा ठरवताना हातोड्याच्या किमतीवर (म्हणजे शेवटच्या बोलीवर) खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन आधीच मिळवा.