स्वादुपिंडाच्या दाहात फुप्फुसे बाधित झाली असता हार्मोनचा उपचार कितपत उपयोगी?

वर्धा रोडवरील वाचक
नमस्कार. माझे मोठे दीर (वय 46) पित्ताशयातील खड्यांमुळे स्वादुपिंडाला तीव्र सूज आल्याने गेल्या शनिवारपासून धंतोलीतील एका रुग्णालयात दाखल आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. मास्कने ऑक्सिजन देऊनही बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा 86 च्या वर सरकेना, म्हणून त्याच रात्री त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसत आहेत. आज डॉक्टरांनी डेक्सामेथासोन सुरू करण्यासाठी संमती मागितली, तेव्हा साखर वाढेल आणि संसर्गाचा धोकाही राहील असे स्पष्ट सांगितले. ते ऐकल्यापासून जाऊबाईंचा सही करायला हात धजावत नाही. गोंदियाचे मामा मात्र ऑक्ट्रिओटाइड या हार्मोनचे इंजेक्शन मागून घ्या, असा आग्रह धरून बसले आहेत. ही दोन्ही औषधे एकाच कामाची आहेत का? आणि पोटातला आजार मुळात फुप्फुसापर्यंत पोचतो कसा?

अतिदक्षता विभागातील डॉक्टर
ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. स्वादुपिंडात अकाली जागे झालेले पाचक रस त्याच अवयवाला जाळू लागतात आणि त्या आगीतून सुटलेली दाहकारक द्रव्ये रक्तावाटे सर्वांगात पसरतात. फुप्फुसातील केशवाहिन्यांचे जाळे अतिशय नाजूक असते. ते पाझरू लागते आणि हवेच्या पिशव्यांमध्ये पाणी साचते. त्या पिशव्या उघड्या ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा थरही फॉस्फोलायपेज या पाचक रसामुळे नष्ट होतो. शिवाय फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते. एक्स-रेमधला पांढरेपणा आला आहे तो यातून.

ऑक्ट्रिओटाइड हे सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे कृत्रिम रूप असून ते स्वादुपिंडाचा स्राव कमी करते. कल्पना पटण्याजोगी होती, परंतु तीव्र दाहाच्या मोठ्या चाचण्यांत त्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, त्यामुळे मामांचा आग्रह मनावर घेऊ नका.

डेक्सामेथासोन हे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसोलच्या कुळातले औषध, म्हणजेच स्टेरॉइड. ते स्वादुपिंडासाठी दिले जात नाही. फुप्फुसातील दाह शमावा म्हणून दिले जाते. स्पेनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या औषधाच्या चाचणीत फुप्फुसे अशीच बाधित झालेले 277 रुग्ण होते. निम्म्यांना पाच दिवस रोज 20 आणि पुढचे पाच दिवस रोज 10 मिलिग्रॅम मात्रा दिली गेली. त्यांच्यातील 60 दिवसांचे मृत्यू 21 टक्के होते, तर इतरांतील 36 टक्के. मात्र त्यातले बहुतेक रुग्ण न्यूमोनिया आणि सेप्सिसचे (सर्वांगावर परिणाम करणाऱ्या जंतुसंसर्गाचे) होते, तेव्हा तो आकडा तुमच्या दिरांना जसाच्या तसा लावता येणार नाही. वेळेचे भानही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण 2006 च्या एका अमेरिकी चाचणीत दोन आठवडे उलटल्यावर स्टेरॉइड सुरू केलेल्यांत मृत्यू वाढले होते. तुमच्याकडे अजून पहिलाच आठवडा चालू आहे. स्वादुपिंडाच्या मृत भागात जंतुसंसर्गाची काही चिन्हे आहेत का आणि साखर किती आहे, एवढे दोन प्रश्न जाऊबाईंना डॉक्टरांना विचारू द्या.

सलाईनबद्दलही अवश्य विचारा. स्वादुपिंडाच्या दाहाच्याच रुग्णांवर झालेल्या 2022 च्या वॉटरफॉल चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्या गटात अंगात पाणी साचण्याचे प्रमाण 20.5 टक्के निघाले, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के. फुप्फुसे आधीच पाझरत असताना हा फरक लहान नाही.

परिचारिका, मेडिकल चौक परिसर
डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला एक जोड देते. औषधाइतकाच परिणाम व्हेंटिलेटर कसा लावला आहे याचा होतो. श्वासाचे आकारमान उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 6 मिलिलिटर ठेवतात. ऑक्सिजन तरीही कमी राहिला तर रुग्णाला दिवसाचे सोळा तास पालथे निजवतात. त्या वेळी आम्ही पाच जणी लागतो. एक जण फक्त डोक्याशी उभी राहून नळी धरते आणि तिने शब्द दिल्याशिवाय कोणी हात हलवत नाही. चेहरा सुजलेला दिसला तर घरच्यांनी घाबरू नये. पालथे निजल्याने तसे होते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर साखर वारंवार तपासावी लागते आणि गरज पडल्यास इन्सुलिनची ड्रिप लावतात.

वर्धा रोडवरील वाचक
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. जाऊबाईंनी डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले, सलाईनबद्दलही विचारले. सीटी स्कॅनमध्ये संसर्गाचे चिन्ह नाही आणि सलाईन कालपासूनच कमी केली आहे, असे त्यांनी सांगितले. दुपारी सही झाली. सायंकाळी साखर 238 निघाली, इन्सुलिन लावले आहे. मामांना मी ऑक्ट्रिओटाइडचे सारे समजावून सांगितले. ते उद्या सकाळच्या गाडीने गोंदियाहून येत आहेत आणि रात्री रुग्णालयात थांबण्याची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे.