कटर ग्राइंडरवरच्या 'इंडेक्सिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
घरच्या वर्कशॉपमधल्या कटर ग्राइंडरवर एंड मिलला (टोकाला आणि कडेला दात असलेल्या, धातू कापायच्या कटरला) धार कशी लावायची, याचं टिपण मराठीत लिहितोय. 'टूल होल्डिंग' आणि 'इंडेक्सिंग' (एक दात झाला की कटर मोजून फिरवून पुढचा दात समोर आणणं) या दोन शब्दांवर अडलोय. आधी 'अनुक्रमण' लिहिलं, पण वाचताना पुस्तकामागची सूचीच आठवते. 'विभाजन' चालेल का?

प्रतिसाद
'विभाजन' नको. वर्तुळाचे भाग पाडणं म्हणजे विभाजन, आणि ते कटरच्या होल्डरवरची खाचांची तबकडी बनवतानाच उरकलेलं असतं. धार लावताना आपण एका भागावरून पुढच्या भागावर जातो आणि तिथे कटर पक्का करतो. सोंगटी पटावर घरं चालते, तसंच हे. म्हणून तबकडीवरच्या खाचा किंवा भोकं म्हणजे 'घरं', त्यांत बसणारी पिन म्हणजे 'खिट्टी', आणि इंडेक्सिंग म्हणजे 'घरं पुढे घेणे'.

लिहून बघा: २४ घरांच्या तबकडीवर चार दातांच्या कटरला दर वेळी ६ घरं पुढे घ्या, तीन दातांच्या कटरला ८. पाच दात असतील तर २४ला भाग जात नाही; ६० घरांची तबकडी लावून १२-१२ घरं घ्या. कुठेच अडखळायला होत नाही.

खिट्टीच्या सैलपणाला 'ढिलाई' म्हणा. खिट्टी घरात ०.१ मिमी हलत असेल आणि घरं केंद्रापासून ४० मिमीवर असतील, तर १० मिमी व्यासाच्या कटरच्या कडेला ती चूक ०.०१२५ मिमी उरते. तबकडी मोठी असावी ती याचसाठी. कटर दर वेळी एकाच दिशेने दाबून मग आवळला, तर ही उरलेली ढिलाईही फारशी नडत नाही.

'टूल होल्डिंग'साठी 'हत्यारधारक' नको, वाचणाऱ्याला बंदूकधारी दिसेल. 'पकड' हे तर स्वतःच एक हत्यार. 'कटर धरणे' पुरे. कॉलेटला (कटरभोवती आवळायच्या, चिरा पाडलेल्या नळीला) कॉलेटच म्हणावं.

दुसरा प्रतिसाद
'घर' आवडलं, पण ते टोकाच्या दातांपुरतं. कडेचे दात पिळाचे असतात. त्यांना धार लावताना खिट्टी बाहेर काढावीच लागते, नाहीतर कटर फिरणारच नाही. दात एका पातळ पट्टीवर टेकवून होल्डर हाताने मागेपुढे सरकवायचा. पिळाप्रमाणे कटर वळत जातो. इथे दात स्वतःच आपली जागा ठरवतो, तबकडीचा संबंध नाही. हात जरा सैल पडला की दात पट्टीवरून सुटतो आणि व्हील धार खाऊन टाकतं. या पट्टीला 'टेकू' म्हणा आणि क्रियेला 'पुढचा दात टेकूवर घेणे'.

प्रश्नकर्ता
म्हणजे एका 'इंडेक्सिंग'चे दोन वाक्प्रयोग?

दुसरा प्रतिसाद
होऊ द्या. हाताची कामंच दोन आहेत.

प्रश्नकर्ता
टिपण बदललं: 'टोकाचा एक दात झाला की ६ घरं पुढे घ्या. कडेच्या दातांसाठी खिट्टी काढा आणि एकेक दात टेकूवर घ्या.'