आई-वडिलांमागे घर धरून ठेवणारे भाऊ : तुमचे अनुभव लिहा

आई-वडील गेले की मागे राहिलेल्या भावंडांना जो तो सांगतो, 'आता एकमेकांना धरून राहा.' पण रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. तेच इथे लिहूया. सुरुवात मी करतो.

बाबांमागोमाग तीन वर्षांत आई गेली. दादा तेव्हा २१ वर्षांचा, मी १४चा, धाकटा ६ वर्षांचा. माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' अशी जागा होती. दादा पेन हातात घेऊन बराच वेळ नुसता बसला. आधी बाबांसारखी लपेटदार सही करून पाहिली, ती खोडली. मग स्वतःची साधी सही केली आणि शेजारी लिहिलं, 'भाऊ'. ते पान मी जपून ठेवलंय.

पुढे एकदा रागाच्या भरात मी त्याला म्हणालो, "तू माझा बाप नाहीस." दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "नाहीच आहे. पण शाळेतून फोन मला येतो." त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

*

तुमच्या धाकट्यासारखाच आमचाही धाकटा होता, ५ वर्षांचा. आई 'झोपलीय' असं कुणीतरी त्याला सांगितलं आणि तो रात्री डोळे मिटायलाच घाबरू लागला. शेवटी आम्ही दोघा थोरल्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं : आई वारली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. तरी महिनोन्‌महिने तो तेच विचारायचा. आत्ता रडायचा, पाच मिनिटांनी खेळायला पळायचा. नातेवाइकांना वाटायचं, पोर विसरलं. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

कागदपत्रांचं एकानेच बघावं, पण कुठे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असावं. मृत्यू दाखल्याच्या प्रती भरपूर काढून ठेवा, जिथे तिथे लागतात.

*

आम्ही तिघं. मोठी माणसं वाटणीच करत होती : एकाला काकांकडे, मला मावशीकडे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दादाने वाद घातला नाही. रात्री बसून वेळापत्रक आखलं. कोण कुणाला उठवणार, अभ्यास कोण घेणार, कुणी आजारी पडलं तर कामावर सुट्टी कोण काढणार. तो कागद त्याने काकांपुढे ठेवला. काका दोनदा वाचून म्हणाले, "बरं. सहा महिने बघू." त्या बोलण्याला १७ वर्षं झाली.

पुढे कधीतरी वाचलं की संगीतकार बाख १६९५ साली दहाव्या वर्षी पोरका झाला. त्याला आणि याकोब या भावाला थोरल्या भावाने आपल्या घरी नेलं. तो थोरलाही तेव्हा विशीतला, नुकतंच लग्न झालेला. मला आधी आठवला तो दादाचा कागद.

*

थोरल्यालाही विचारत जा, एवढंच सांगते. "तुला आईची आठवण येते का?" हे आम्ही दादाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ११ वर्षं उलटली होती. तो उठला, कपाटातून आईचा चष्मा काढून आणला. काचा लख्ख होत्या. म्हणाला, "दर रविवारी पुसतो."