लकडी पुलाची पानिपतकथा इतिहास म्हणून सांगावी का?

मुठाकाठ:
पुण्यात पाहुणा आला की अलका चौकातून डेक्कनकडे जाताना त्याला हमखास एक गोष्ट ऐकवली जाते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दाणादाण उडाल्यानंतर परतणाऱ्या सैनिकांना भर पेठांतून, ज्यांची माणसे परतलीच नाहीत त्यांच्या दारांवरून, मान खाली घालून जावे लागू नये म्हणून नानासाहेब पेशव्यांनी शहराच्या पश्चिमेला मुठेवर घाईघाईने लाकडाचा पूल बांधवला, अशी ती गोष्ट. ती चटका लावते, पण इतिहास म्हणून सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खडकवासल्याचे धरण होण्याआधीची मुठा पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात जागोजागी उतार देणारी होती. ज्याला गुपचूप गावात शिरायचे आहे, त्याला पूल कशाला हवा? शिवाय नानासाहेब स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले असताना त्यांना ही बातमी नर्मदेपलीकडे कळली आणि २३ जूनला पर्वतीवर त्यांचे निधन झाले. खचलेल्या माणसाने अखेरच्या दिवसांत एवढा नाजूक विचार केला, हे कथाकाराचे सुख आहे.

जुनापेठकर:
वेळ अपुरा होता म्हणूनच लाकूड वापरले, असे का नसावे? दगड-चुन्याचे काम चार-दोन महिन्यांत उभे राहत नाही. पानिपताहून वाचलेले लोकही एका दिवशी, एका तुकडीने परतले नाहीत. जखमी, वाट चुकलेले, वाटेत लुटले गेलेले असे ते येत राहिले, आणि पावसाळा लागल्यावर आपण म्हणता ते उतार बंदच झाले असणार. नकाशाही पाहावा. उत्तरेकडून येणारा नेहमीच्या वाटेने, कुंभारवेशीकडून आला तर थेट कसब्यात शिरतो, तर लकडी पुलापलीकडे तेव्हा भांबुर्ड्याची आणि एरंडवण्याची शेते होती. आडवाटेने येणाऱ्याला ही बाजू सोयीची होती, एवढे तरी मान्य करावे.

मुठाकाठ:
बाजू सोयीची होती, हे मान्य. मात्र तीच बाजू मावळातून येणाऱ्या गवताला, सरपणाला आणि धान्यालाही सोयीची होती. पूल १७६१ चा आहे याबद्दल माझा वाद नाही. वाद त्यामागच्या हेतूबद्दल आहे, आणि तो हेतू सांगणारा त्या काळचा एखादा कागद आपण दाखवावा.

तिऱ्हाईत:
कागदाचा आग्रह ठीक आहे, पण नावाकडेही बघा. मूळ पूल पुरात गेल्यावर १८४० च्या दशकात तेथे दगडी पूल झाला, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने त्यालाही तडाखा दिला, आणि आज त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे. तरीही विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टरच्या मागे ढकलाढकली करणारा कार्यकर्ता ‘लकडी पुलापर्यंत चला’ असेच ओरडतो. लाकडाची ढलपीही उरलेली नसताना नाव टिकते, ते या गोष्टीच्या जोरावरच.

मुठाकाठ:
तसे असेल तर नव्या पुलामागची गोष्ट कोणती? छत्रपती शिवाजी पुलाला शंभर वर्षे उलटली, तरी पुणेकरांच्या तोंडी तो नवाच आहे. नावे सवयीने टिकतात.

जुनापेठकर:
भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पुण्यात परतल्या, पण पती गेले हे त्यांनी मानले नाही. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे लोक गेले, आणि १७७६ साली त्याला पुण्यात देहदंड झाला. जे शहर पंधरा वर्षे या एका जखमेभोवती फिरत होते, त्याने पुलाची ही गोष्ट पहिल्या पिढीतच रचली असेल किंवा पाहिलीही असेल. एवढ्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेले निव्वळ कागद नाही म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही.

मुठाकाठ:
पुष्कळांनी मानले हाच पुरावा धरायचा, तर तोतयाला भाऊसाहेब मानणारेही काही थोडे नव्हते.