टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल? पाळी किमोत थांबली आहे

सुईदोरा:
नमस्कार. वय ४७. डाव्या स्तनात २.३ सेंटिमीटरची गाठ होती, काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचलेली. ईआर, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर वाढणारी), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं, आता ५ वर्षं तरी हार्मोन रोखणारी गोळी. दुसऱ्या किमोनंतर पाळी थांबली ती थांबलीच, ७ महिने झाले. म्हणून फाइलवर ‘रजोनिवृत्त’ असं लिहून मला लेट्रोझोल दिलं. दुसरं मत घ्यायला गेले, तर त्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन लिहून दिलं. दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवून चार दिवस बसले आहे, गोळी एकही घेतलेली नाही.

मी भरतकाम करते. लेट्रोझोलने बोटं आखडतात असं वाचलं आणि धसकाच घेतला. आईचा खुबा साध्या पडण्याने मोडला होता, म्हणून हाडांचीही भीती आहे. उलट टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होतात, गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो म्हणतात. बाकी मला काही आजार नाही. ऑपरेशननंतर फार घाबरायला व्हायचं, तेव्हापासून पॅरॉक्सेटीन चालू आहे, तेवढंच. ज्यांनी या गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

पायवाट:
अगं, बोटांचं नंतर पाहू. आधी फाइलवरचा तो एक शब्द तपासून घे. किमोत पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं. माझी ४४व्या वर्षी थांबली होती आणि ११ महिन्यांनी परत आली, तीही लेट्रोझोल चालू असताना. त्या दिवशी मी किती रडले ते सांगता येणार नाही, कारण इतके महिने गोळी काय करत होती हेच कळेना.

मला नंतर समजावलं ते असं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत वगैरे बनतं, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही तिन्ही तेच एन्झाइम बंद पाडतात. पण अंडाशय जागं असेल तर इस्ट्रोजेन कमी झालेलं पाहून मेंदू त्यालाच आणखी कामाला लावतो. म्हणजे एकटं लेट्रोझोल पुरत नाही. त्यासोबत अंडाशय झोपवणारं इंजेक्शन लागतं (मला गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी) किंवा अंडाशय काढावं लागतं. टॅमॉक्सिफेनचं तसं नाही. ते पेशीवरची इस्ट्रोजेनची जागाच अडवून बसतं, त्यामुळे पाळी असो-नसो, चालतं.

रक्तातलं इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) तपासायला सांग. एकदा तपासून भागत नाही, काही महिन्यांनी पुन्हा. आणि पाळी नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नकोस.

निळी शाई:
पॅरॉक्सेटीनकडे कुणाचं लक्ष गेलं का? टॅमॉक्सिफेन यकृतात जाऊन बदलतं, तेव्हा त्याचा खरा जोरदार अंश तयार होतो, आणि पॅरॉक्सेटीन नेमकं तेच काम अडवतं. फ्लुओक्सेटीनही. माझ्या बहिणीला यासाठीच व्हेनलाफॅक्सीनवर आणलं, त्याचा अडथळा फार कमी असतो. पण पॅरॉक्सेटीन मनाने एकदम बंद करू नका, चक्कर येते, जीव घाबरा होतो. दोन्ही डॉक्टरांना सांगा. चिठ्ठी लिहिताना त्यांना हे माहीत होतं का, तेही विचारा.

पायवाट:
बरं झालं लिहिलंत. माझ्या नजरेतून सुटलंच होतं.

उंबरठा:
मी ६३ वर्षांची. लेट्रोझोल दीड वर्ष घेतलं. बोटं सकाळी खरंच आखडायची, बाटलीचं झाकण उघडेना. खोटं कशाला सांगू? डॉक्टरांनी ३ आठवडे थांबवलं, मग एक्झेमेस्टेन दिलं. त्याने निम्मं दुखणं गेलं. उरलेलं रोजच्या चालण्याने आणि हलक्या वजनांच्या व्यायामाने सुसह्य झालं. प्रत्येकीला होतंच असं नाही. सुरू करण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) मात्र करून घे. माझी हाडं विरळ निघाली, म्हणून दर ६ महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन लागते.

टॅमॉक्सिफेनला कमी लेखू नकोस. ५ वर्षं घेतलं तर १५ वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पाळी गेलेल्या बायकांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली जे छापलं, त्यात १० वर्षांतले मृत्यू टॅमॉक्सिफेनवर १४.२ टक्के आणि लेट्रोझोलच्या गटातल्या औषधांवर १२.१ टक्के होते. फरक आहे, पण केवढा ते तूच बघ. गर्भाशयाचा धोका मुख्यतः पाळी गेलेल्यांना. पाळी गेल्यावर अंगावरून थोडं जरी लाल गेलं तरी लगेच दाखवायचं. पायाची एकच पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी.

सुईदोरा:
तुम्हा तिघींना काय म्हणू? इस्ट्राडायोल तपासलं. अंडाशय चालू आहे! फाइलवरचा शब्द डॉक्टरांनी माझ्यासमोर खोडला. काखेतली ग्रंथी बाधित होती, म्हणून इंजेक्शन घ्यावं असं दोघांचंही मत पडलं. त्यासोबत सध्या टॅमॉक्सिफेन, आणि डेक्सा आल्यावर एक्झेमेस्टेनचं पाहायचं. पॅरॉक्सेटीन हळूहळू उतरवत व्हेनलाफॅक्सीनवर जाते आहे. काल रात्री टॅमॉक्सिफेनची पहिली गोळी घेतली, २० मिलिग्रॅम.

पायवाटताई, ते इंजेक्शन पोटात देतात ना? सुई जाड असते म्हणे. आधी जागा बधिर करून देतात का?

पायवाट:
हो, बेंबीच्या खाली. मागितलं तर बधिर करणारं मलम लावतात, तासभर आधी लावायला सांग. सोमवारी असेल तर जाण्याआधी मला लिही.