तेहरानचा महापौर कोण निवडतं? गालिबाफ १२ वर्षं कसे टिकले?

चौकस: इराणचे पुराणमतवादी नेते मोहम्मद बागेर गालिबाफ २००५, २०१३ आणि २०२४ अशा तीन अध्यक्षीय निवडणुका हरले, २०१७ मध्ये दुसरे पुराणमतवादी उमेदवार रईसी यांच्यासाठी माघार घेतली. तरी २००५ ते २०१७ तेहरानचे महापौर तेच. अध्यक्ष म्हणून नको असलेला माणूस लोकांना महापौर म्हणून कसा चालतो? आणि या पदाला खरे अधिकार किती?

नगरवाचक: लोक महापौर निवडतच नाहीत. ते नगर परिषद निवडतात, परिषद महापौर ठरवते आणि गृहमंत्री नेमणुकीचा आदेश काढतात. अधिकारांच्या बाबतीत मुंबईच्या महापौराशी नव्हे, आयुक्तांशी तुलना करा. प्रशासन, कंत्राटं, बांधकाम परवाने सगळं त्यांच्या हाताखाली.

म्हणून गालिबाफ समजून घ्यायचे तर परिषदेचे निकाल बघावे लागतात. २००३ मध्ये तेहरानात जेमतेम १२ टक्के मतदान झालं. सुधारणावादी मतदार घरी बसला आणि परिषद पुराणमतवाद्यांच्या हातात गेली. तिने आधी अहमदीनेजाद यांना नेमलं. ते २००५ मध्ये अध्यक्ष झाल्यावर त्याच शर्यतीत चौथे आलेले गालिबाफ महापौर झाले.

२०१३ मध्ये मात्र गाडं अडलं होतं. ३१ सदस्यांच्या परिषदेत गालिबाफ यांना १६ मतं, माजी अध्यक्ष रफसंजानींचे पुत्र मोहसेन हाशेमी यांना १४. सुधारणावाद्यांच्या यादीवरून निवडून आलेल्या इलाहे रास्तगू यांनी गालिबाफ यांना मत दिलं, म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना काढून टाकलं. १२ पैकी शेवटची चार वर्षं इतक्या बारीक फरकावर उभी होती.

चटईक्षेत्र: पैशाची बाजूही बघा. मिलाद टॉवर (४३५ मीटर, काम आधीच्या काळात सुरू झालेलं, उद्घाटन गालिबाफ यांच्या काळात), तौहीद बोगदा, सद्र महामार्गाचा वरचा मजला, तबियत पूल, बीआरटी (बससाठी स्वतंत्र मार्गिका) ही कामं डोळ्यांत भरतात. पण पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग बिल्डरांना जादा चटईक्षेत्र (नियमापेक्षा जास्त बांधकामाची परवानगी) विकून येतो. ही प्रथा गालिबाफ यांच्या आधीची, १९९० च्या दशकातली. बांधकाम थंडावलं की उत्पन्न आटतं, कंत्राटदारांची देणी मात्र थांबत नाहीत. शिवाय दाटी वाढते ती वेगळीच. उड्डाणपुलांचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवणं मला पटत नाही.

चौकस: आणि अध्यक्षपद हुकतं ते पुराणमतवादी मतांच्या विभागणीमुळे?

नगरवाचक: २०१३ ला ते कारण लागू पडत नाही. विजयी उमेदवार रूहानी पहिल्याच फेरीत ५० टक्क्यांपुढे गेले, गालिबाफ १६ टक्क्यांच्या आसपास. त्यांना नडली ती रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाच्या वायुदलाचे आणि पोलिसांचे माजी प्रमुख ही ओळख. टीव्हीवरच्या वादात रूहानींनी 'मी कर्नल नाही, वकील आहे' म्हणत नेमकं तिथेच बोट ठेवलं. २०२४ ला विभागणी नक्की झाली: दुसरे पुराणमतवादी उमेदवार जलिली ९४ लाखांवर, गालिबाफ ३३ लाखांवर. पण दुसऱ्या फेरीत गालिबाफ यांनी पाठिंबा देऊनही जलिली हरलेच.

महापौरपद गेलं तेही परिषदेमुळेच. मे २०१७ मध्ये (तोवर परिषद ३१ वरून २१ जणांची झाली होती) सुधारणावाद्यांनी तेहरानच्या २१ च्या २१ जागा घेतल्या आणि सुधारणावादी मोहम्मद अली नजाफी यांना महापौर नेमलं.